तुरट म्हणजे नेमकं किती तुरट?

'बोर्डो' हा शब्द मला लहानपणीच कळला, तो दोनशे लिटरच्या निळ्या ड्रममुळे. निफाड तालुक्यात आमची थॉमसन द्राक्षांची बाग आहे. हवा ढगाळली आणि पानांवर डावणी या बुरशीच्या रोगाचे तेलकट डाग दिसायला लागले की आप्पा मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, भिजत घालायचे. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, झालं डावणीवर फवारायचं औषध, एक टक्का बोर्डो. मग विळ्याचं पातं त्या निळ्या पाण्यात बुडवून धरायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून टाका. हे फ्रान्समधल्या एका शहराचं नाव आहे हे मला लग्नानंतर, नवऱ्याला तिथे नोकरी लागली तेव्हा कळलं. तिथे त्याचा उच्चार 'बोर्दो' करतात.

त्याच शहरात २०२३ साली मी वाइन चाखून तिची पारख लिहायची परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. तयारी करताना मराठीत याबद्दल काहीच सापडलं नव्हतं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. हे कोर्स मुंबईतही होतात, त्यामुळे फ्रान्समध्ये नसलात तरी बराचसा भाग उपयोगी पडेल.

परीक्षा म्हणजे लंडनच्या डब्ल्यूएसईटी या संस्थेची लेव्हल ३. लेव्हल २ मी आदल्या वर्षी केली होती. तिथे नुसते पर्याय निवडायचे पन्नास प्रश्न असतात, चाखण्याची परीक्षा नसते. लेव्हल ३ चे दोन भाग. दोन तासांचा लेखी पेपर आणि अर्ध्या तासाचं टेस्टिंग, म्हणजे वाइन चाखून लिहिणं. टेस्टिंगला समोर दोन ग्लास येतात, एक पांढरी, एक लाल. कुठली, कोणाची, कुठल्या सालची, काही सांगत नाहीत. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे किमान ५५ टक्के लागतात. एकात नापास झालात तर तेवढाच भाग पुन्हा देता येतो. ही शेवटची ओळ मी प्रवेश घेताना वाचलीसुद्धा नव्हती. आपल्याला तिची गरज पडेल असं वाटलंच नव्हतं.

माझी फी ८९० युरो झाली, त्यात पुस्तक आणि पहिली परीक्षा आली. फॉर्म भरताना नावाचा घोळ झाला. फ्रान्समधल्या फॉर्मवर जन्माचं आडनाव आणि वापरातलं आडनाव असे दोन रकाने असतात. माझ्या पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. तिथल्या कार्डवर माहेरचं आडनाव आधी. मी फॉर्मवर एक लिहिलं, ओळखपत्र दुसरं जोडलं, आणि तीन आठवडे ईमेलांत गेले. परीक्षेच्या दिवशी जे ओळखपत्र दाखवणार आहात त्यावर जसं नाव आहे तसंच, त्याच क्रमाने फॉर्मवर लिहा. प्रमाणपत्रावरही तेच छापून येतं.

घरी सांगणं हा आणखी एक टप्पा होता. आमचे आजोबा माळकरी होते. आई फोनवर म्हणाली, "दारूचा क्लास लावलास? लोकांना काय सांगू मी?" मी म्हटलं, सांग द्राक्षांचा क्लास लावलाय. आप्पा मात्र लगेच कामाचं बोलले. "किती ब्रिक्सला तोडतात तिकडं?" ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. मी सांगितलं, बावीस, तेवीस, चोवीस. आपली खायची द्राक्षं अठराला तोडणारा माणूस जरा गप्प झाला. मग म्हणाले, "मग मण्यात राहतं काय, पाकच की." खरंच आहे ते. त्या साखरेचाच पुढे अल्कोहोल होतो.

क्लास पाच शनिवारी होता, जानेवारी आणि फेब्रुवारीत, दिवसाला सहा तास. वर्गात आम्ही सहा जण. एक जण हॉटेलात काम करणारा, एक बाई वाइनच्या दुकानात, दोघं नोकरी बदलण्याच्या विचारात, एक पेन्शनर आणि मी. पहिल्या दिवशी सगळ्यांत अवघड गेलं ते थुंकणं. दिवसात बारा-पंधरा वाइन चाखायच्या असतात, गिळत बसलात तर दुपारनंतर काहीच कळणार नाही. म्हणून प्रत्येकासमोर एक उभट भांडं ठेवतात, क्राश्वार. बाकीच्यांच्या हनुवटीवरून ओघळ यायचे. पानाची पिचकारी ही कला ज्या मुलखात जन्माला आली तिथली मी, आणि माझीही तीच गत. शेवटी घरी मोरीत पाण्यावर सराव केला. ओठ गोल, गाल आत, आणि एका दमात बाहेर. अर्धवट सोडलं की कपड्यावर आलंच. गडद कपडे घालून जा.

दुसरी गोष्ट त्या दिवशी कळली ती अशी की चाखणं म्हणजे काव्य करणं नव्हे, रकाने भरणं आहे. आधी रंग: फिका, मध्यम की गडद, आणि जांभळा, माणिक, गार्नेट की तपकिरीकडे झुकलेला. मग वास: स्वच्छ आहे का, किती जोरदार आहे, कशाकशाचा आहे. मग तोंडात गोडी, आंबटपणा, तुरटपणा, अल्कोहोल, भरीवपणा, चव किती ठसठशीत आहे आणि मागे किती वेळ रेंगाळते. शेवटी निकाल: दर्जा कोणता आणि ही आत्ता प्यायची की अजून ठेवायची. बहुतेक रकान्यांत पाच पायऱ्या असतात: कमी, मध्यमच्या खाली, मध्यम, मध्यमच्या वर, जास्त. हे सगळं एका कागदावर बसतं. मला हायसं वाटलं. रकाने भरायला नाक दैवी असावं लागत नाही, असं तेव्हा वाटलं.

नाकाचा प्रश्न दुसऱ्या शनिवारी उभा राहिला. मेदोकची एक लाल वाइन होती. मेदोक म्हणजे बोर्दोच्या उत्तरेला, जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावरचा पट्टा, तिथे काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाचं राज्य. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, कशाचा वास येतोय? सगळे म्हणाले, ब्लॅककरंट आणि सीडर. मी आयुष्यात ब्लॅककरंट खाल्लं नव्हतं. आपल्याकडे त्या नावाचं आइस्क्रीम मिळतं त्यात बहुधा मनुका असतात. सीडरचं झाड तर मी पाहिलंही नव्हतं. मला त्या ग्लासात जांभळाचा वास येत होता, थोडं तोंड बांधून टाकणारं, बी चोखलेलं जांभूळ. ते मी लिहिलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे तपासणाऱ्याला कळणार नाही. तुला दोन भाषा येतात, आता तिसरी शीक.

म्हणून मी वास गोळा करायला लागले. क्लास हिवाळ्यात, म्हणजे ताजं ब्लॅककरंट मिळण्याची शक्यता नाही. गोठवलेलं मिळालं, पाकीट साडेचार युरोला. वाटीत काढून वितळू दिलं, चिरडलं, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ हुंगलं. सीडरच्या लाकडाच्या ठोकळ्या कपड्यांच्या कपाटात कसर लागू नये म्हणून सुपरमार्केटात विकतात. त्याचं एक पाकीट मी स्वयंपाकघरात ठेवलं होतं, आणि नवरा काही दिवस ते बडीशेपेसारखं काहीतरी असेल म्हणून उघडून बघत होता. शार्पनरमधला पेन्सिलीचा भुगा. नवी कोल्हापुरी चप्पल, आईने सामानात दिलेली, चामड्याच्या वासासाठी. लवंग, जायफळ, मिरी घरात होतेच. ओकच्या पिंपात ठेवलेल्या वाइनला लवंगेचा, व्हॅनिलाचा वास येतो. त्यात मी वर्गात सगळ्यांच्या पुढे होते, कारण बाकीच्यांच्या घरी लवंग वर्षातून एकदा डब्यातून निघत असावी. आणि एक वास मला कुणी शिकवावा लागला नाही: सुकी तंबाखू. जुन्या बोर्दो वाइनला तो येतो. आजोबांचा बटवा उघडल्यावर जसा यायचा, चुन्याशिवायचा, तसा.

तयारीच्या बाटल्यांवर माझे साधारण २२० युरो गेले. इथे एक शहाणपणाचा सल्ला: एकट्याने बाटल्या घेऊ नका. आम्ही तिघांनी गट केला. आठवड्यातून एकदा जमायचं, प्रत्येकाने दहा-बारा युरोची एक बाटली पायमोज्यात घालून आणायची. हो, पायमोजा. बाटलीचा आकार आणि लेबल झाकायला याहून स्वस्त काही नाही, फक्त धुतलेला आणा.

परीक्षा मार्चच्या मध्याला, शनिवारी सकाळी. घरून निघायच्या दोन तास आधी दात घासले, चहा घेतला नाही, अत्तर तर नाहीच. लेखी पेपर बरा गेला. टेस्टिंगला पांढरी ओळखीची वाटली. लाल ग्लास समोर आला, गडद माणिक रंगाचा. ब्लॅककरंट, सीडर, लवंग, थोडा हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास. मनात म्हटलं, ही माझीच. तोंडात घेतली. तुरट? आहे, पण फार नाही. मी लिहिलं, मध्यमच्या खाली. आंबट? मध्यम. दर्जा चांगला, आत्ता प्यावी, ठेवण्याजोगी नाही. वेळेच्या पाच मिनिटं आधी मी पेन खाली ठेवलं होतं.

निकालाला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी रोज ईमेल बघत होते असं नाही, पण दिवसाआड नक्की. मेच्या मध्याला आला. लेखी पास, टेस्टिंग नापास.

लाज वाटली. नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं, आईला सांगितलंच नाही. आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "पहिल्या वर्षाचा माल कधी एक्सपोर्टला जातो का?" तेवढ्याने बरं वाटलं खरं.

दुसऱ्या आठवड्यात बाईंना भेटले. आम्ही वर्गात भरलेले माझे जुने सगळे कागद त्यांनी टेबलावर ओळीने मांडले. बोटाने फक्त एक रकाना दाखवत गेल्या. तुरटपणा: मध्यमच्या खाली, मध्यम, मध्यमच्या खाली, कमी. शेजारी त्यांनी लाल पेनाने केलेली दुरुस्ती: जास्त, मध्यमच्या वर, जास्त, मध्यम. आंबटपणाच्या रकान्यातही तेच. मी प्रत्येक वेळी एक-दोन पायऱ्या खाली होते. त्यांनी विचारलं, तू घरी काय खातेस?

मी आठवायला लागले. आवळा. कच्च्या केळ्याची भाजी, केळफूल. जेवणानंतर सुपारीचं खांड. लहानपणी खोकल्यावर तोंडात धरायचा हिरडा. चिंचेचा कोळ, कैरी, कोकम. ज्या जिभेने हिरडा चघळलाय तिला काबर्ने सोव्हिन्योंचा तुरटपणा म्हणजे काय वाटणार? आणि ज्या पोराने मिठाबरोबर कैरी खाल्लीय ते कुठल्या वाइनला आंबट म्हणणार? वासाचे शब्द गोळा करण्यात मी अख्खा हिवाळा घालवला आणि चूक मापात निघाली. माझं माप घरून आणलेलं होतं. शेरातलं वजन किलोच्या काट्यावर लिहीत होते.

एका गोष्टीत मात्र घरचं शिक्षण कामाला आलं. वर्गातल्या निम्म्या लोकांना कडू आणि तुरट यातला फरक सांगता येत नव्हता, दोन्हीला ते एकच म्हणायचे. आपल्याला तो कुणी शिकवत नाही. कारलं कडू, आवळा तुरट, संपलं. कडू जिभेला कळतं, तुरट हिरड्यांना आणि गालांना. टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा आणणारं द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा ओशटपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. म्हणून टॅनिन मोजताना चवीकडे नव्हे, वरच्या हिरड्यांकडे लक्ष द्यायचं. आंबटपणा मोजायचा उपाय याच्या उलट: थुंकून झाल्यावर मान खाली घालून बसा. लाळ झरझर सुटली तर आंबटपणा जास्त, हळूहळू सुटली तर मध्यम.

माप बदलायला मी दोन गोष्टी केल्या. एक, काळा चहा. एकाच डब्यातला, तीन कपांत, दोन, पाच आणि दहा मिनिटं ठेवलेला, बिनसाखरेचा, गार करून. दोन मिनिटांचा म्हणजे कमी, पाचचा मध्यम, दहाचा जास्त, असं ठरवून टाकलं आणि रोज सकाळी पाठांतरासारखं केलं. दुसरी म्हणजे, तीन वाइन कायमच्या खुंट्या म्हणून ठोकल्या. कमीसाठी बोजोले, मध्यमसाठी मेर्लो द्राक्षाची साधी बोर्दो, जास्तसाठी मादिराँ. मादिराँ नैर्ऋत्येकडची, ताना नावाच्या द्राक्षाची, आठ-नऊ युरोला मिळते आणि जवळजवळ हिरड्याच्या घरची आहे. नवी वाइन समोर आली की मनात विचारायचं: ही बोजोलेच्या जवळ की मादिराँच्या? आवळ्याला मध्ये आणायचं नाही. चिंचेला तर अजिबात नाही.

फेरपरीक्षेची फी ११० युरो, तारीख जूनच्या शेवटी. त्याआधी एका रविवारी मी एकटीच मेदोकला गेले. बोर्दोहून पोयाकपर्यंत गाडी जाते, तिथून मी रस्त्याने दक्षिणेकडे चालत सँ-ज्युलियँ गावाला निघाले. जमीन बघायची होती. दोन्ही बाजूंना वेली कमरेएवढ्या, तारेवर बसवलेल्या, आपल्यासारखा डोक्यावर मांडव नाही. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी ९६८ वेली असतात. मेदोकमध्ये हेक्टरी दहा हजारांपर्यंत, म्हणजे एकरी चार हजार. आमच्याकडे एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर फळछाटणी, इथे हिवाळ्यात एकच. माती तर मातीच नाही, नुसते गोटे. नदीने आणून टाकलेले, लिंबाएवढे, कबुतराच्या अंड्याएवढे. पाणी धरून ठेवत नाहीत आणि ऊन साठवतात, म्हणून उशिरा पिकणारं काबर्ने इथे पिकतं. तिथल्या एका प्रसिद्ध शातोचं, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्याचं, नावच 'सुंदर गोटे' असं आहे: दुक्रू-बोकायू.

आणि त्या रस्त्याकडेच्या वेलींवर मला काय दिसलं? डावणी. २०२३ च्या जूनमध्ये तिने बोर्दोत धुमाकूळ घातला होता, मेर्लोवर विशेष. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी, अगदी आमच्या बागेतल्यासारखी. आणि काही ओळींवर निळसर पांढरी पुटं. मी पान उलटं करून फोटो काढला आणि आप्पांना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: "उशीर केलाय फवारायला."

त्यांना मग मी फोनवर बोर्डो औषध कसं निघालं ती गोष्ट सांगितली. १८८२ साली पिएर मिलार्दे नावाचे बोर्दो विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक याच सँ-ज्युलियँमधून जात होते. सगळीकडे डावणीने पानं गळलेली, पण रस्त्याच्या कडेच्या वेली हिरव्यागार. चौकशी केली तर कळलं, येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून मळेवाल्यांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारला होता. घड विषारी दिसावेत एवढाच हेतू. मिलार्देंनी पुढे त्यावर प्रयोग केले, ते दुक्रू-बोकायू आणि दोझाक या शातोंचे मालक जॉन्स्टन यांच्या मळ्यांत, आणि १८८५ मध्ये त्याची कृती प्रसिद्ध केली. आप्पा म्हणाले, "म्हणजे आपलं औषध चोरांमुळं निघालं." मग थोडं थांबून, "आपल्या कडंच्या ओळीचं तरी कोण काय ठेवतं?"

फेरपरीक्षेला फक्त अर्धा तास. या वेळी लाल ग्लास आला तेव्हा मी आधी हिरड्यांकडे लक्ष दिलं, मनात मादिराँ आणलं, आणि लिहिलं: तुरटपणा, मध्यमच्या वर. वासाच्या रकान्यात 'फळांचा' असलं मोघम काही न लिहिता एकेक फळाचं नाव. गुण प्रत्येक योग्य शब्दाला असतात, सुंदर वाक्याला नाही. दर्जा ठरवताना चार गोष्टी बोटांवर मोजायच्या: तोल, मागे रेंगाळणं, चवीचा जोर, आणि वासांची गुंतागुंत. किती बोटं उभी राहतात त्यावर चांगली, खूप चांगली की अप्रतिम. ठेवण्याजोगी आहे का, याचं उत्तरही त्याच रकान्यांतून निघतं. आंबटपणा आणि टॅनिन भरपूर असेल आणि फळ त्यांच्या तोडीचं असेल तर वर्षं काढेल. पहिल्या वेळी मी टॅनिनच कमी लिहिलं, म्हणून पुढचं सगळं गणित चुकत गेलं होतं. वेळ संपेपर्यंत लिहीत होते.

निकाल ऑगस्टच्या अखेरीस. पास. गुण सांगण्यासारखे नाहीत, पण पास.

मग आमच्या वर्गातल्या पेन्शनर काकांनी टूम काढली की सहा जणांनी मिळून एक खरी जुनी बाटली घ्यायची आणि परीक्षेसारखीच तपासायची. मी म्हटलं, दुक्रू-बोकायू. कारण मी सांगितलं नाही. बोर्दोतल्या शातोंच्या १८५५ च्या वर्गवारीत ते दुसऱ्या श्रेणीत आहे, त्यामुळे कुणी नाही म्हटलं नाही. दुकानात काम करणाऱ्या बाईंनी २००८ ची बाटली मिळवली, १५० युरोला, माणशी २५. ऑक्टोबरात एका रविवारी त्यांच्या घरी जमलो. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवलेली, गाळ खाली बसावा म्हणून. उघडून मोबाइलच्या उजेडात सावकाश काचेच्या भांड्यात ओतली आणि मानेत गाळ दिसला तिथे थांबलो. बूच पंधरा वर्षांचं, निम्म्यात तुटलं, उरलेलं हळूच काढावं लागलं. काकांनी सोबत ओ-मेदोकची १४ युरोची एक तरुण बाटली आणली होती. दोन्ही एकसारख्या भांड्यांत, कुठली कोणती हे फक्त त्या बाईंना माहीत. ग्लास 'अ' आणि 'ब'.

खरं सांगायचं तर पहिल्या घोटाला मला 'अ' आवडला. फळ ठळक, गोलसर, समोर येऊन हात मिळवणारा. 'ब' गप्प होता. रंग पाहिला: मधे गडद, ग्लास तिरपा केला की कडेला विटकरी झाक. वास सुरुवातीला फक्त सीडरचा, माझ्या कपाटातल्या ठोकळीचा. मी आणि आणखी दोघांनी 'अ' ला पसंती दिली. कागद भरले आणि गप्पा मारत बसलो.

वीस मिनिटांनी पुन्हा 'ब' हुंगला. ब्लॅककरंट आलं होतं, पण वाटीतल्या चिरडलेल्यासारखं नाही, सुकवलेलं. मग पेन्सिल. मग पाऊस थांबल्यावरच्या अंगणासारखं काहीतरी. आणि चाळिसाव्या मिनिटाला आजोबांचा बटवा. मी ग्लास खाली ठेवला आणि परत उचलला, तर अजून तिथेच. तोंडात घेतलं तेव्हा तुरटपणा होता, चांगला होता, पण टोचत नव्हता. मादिराँ म्हणजे घोंगडी आणि हे म्हणजे खूपदा धुतलेली इरकल, एवढंच मला सुचलं. कागदावर लिहिलं, तुरटपणा मध्यमच्या वर, पोत बारीक. थुंकलं आणि सेकंद मोजले. फ्रेंचांनी या रेंगाळण्यालाही माप दिलंय, एक सेकंद म्हणजे एक कोदाली. चौदापर्यंत मोजलं, मग कुणीतरी चीजची ताटली पुढे केली आणि मोजणी चुकली. 'अ' तेवढ्यात ओसरला होता. वाईट नव्हता, पण जे सांगायचं ते पहिल्या पाच मिनिटांतच सांगून मोकळा झालेला.

चार बोटं मोजली. तोल, हो. रेंगाळणं, हो. गुंतागुंत, हो. जोर? इथे आमचं भांडण झालं. हॉटेलवाला म्हणाला, वास दबका आहे, म्हणून खूप चांगली, अप्रतिम नाही. काका म्हणाले, दबका नाही, सभ्य आहे. मी अप्रतिम लिहिलं होतं, पण बटव्याचे गुण त्यात किती धरले हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. दुकानातल्या बाईंनी बाटल्या दाखवल्या. दुक्रू 'ब' च होती. पहिल्या घोटाला 'अ' निवडणाऱ्या आम्हा तिघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

खर्चाचा हिशोब हवा असेल तर: ८९० फी, ११० फेरपरीक्षा, २२० सरावाच्या बाटल्या, तेव्हाच्या भावाने एक लाखाच्या थोडं वर. दुक्रूचे २५ मी यात धरत नाही, ते हौसेचे.

काचेचं भांडं धुवायचं काम माझ्याकडे आलं. अरुंद मानेत ब्रश जात नाही आणि साबण लावला तर वास राहतो. मूठभर तांदूळ आणि कोमट पाणी घालून गोल गोल हलवलं, तळाचा लाल डाग दोन मिनिटांत निघाला. घरमालकीण बाई बघत राहिल्या. मी पाणी ओतून देण्याआधी एकदा हुंगून बघितलं. आता फक्त तांदळाचा वास होता.